एकीला वेटिंग, दुसरीवर सूट

वर्ध्याच्या एखाद्या मोटारींच्या शोरूममध्ये बसलात, की एकाच टेबलावर दोन वाक्यं ऐकू येतात. "भाऊ, ही पाहिजे असेल तर तीन महिने वेटिंग आहे." आणि लगेच, "ही घेता का? आजच न्या, पन्नास हजार कमी करून देतो." दोन्ही गाड्या एकाच कंपनीच्या, कधी कधी तर एकाच मॉडेलच्या. ग्राहक घरी परतेपर्यंत निकाल लावून मोकळा होतो: पहिली चांगली, दुसरीत काहीतरी खोट असणार. हा निकाल बहुतेक वेळा चुकतो. गाडी चटकन खपते की यार्डात धूळ खाते, याचा तिच्या गुणदोषांशी संबंध आहेच. पण ती कोणत्या गावी, कोणत्या महिन्यात, कोणत्या रंगात आणि कोणत्या इंजिनासह पाठवली गेली, याच्याशी त्याहून जास्त आहे.

या धंद्यात सगळं एका आकड्यावर मोजतात, तो म्हणजे स्टॉकचे दिवस. हिशोब सोपा आहे. एखादी शोरूम महिन्याला ४० गाड्या विकते आणि तिच्याकडे आज ६० उभ्या आहेत, तर तो ४५ दिवसांचा माल झाला. देशभरातल्या वाहन विक्रेत्यांची 'फाडा' नावाची संघटना आहे. तिच्या मते विक्रेत्याकडे २१ दिवसांचा माल असणं योग्य. याच संघटनेच्या आकड्यांनुसार सप्टेंबर २०२४ अखेर मोटारींचा साठा ८० ते ८५ दिवसांवर गेला होता. म्हणजे जवळपास ७ लाख ९० हजार न विकलेल्या गाड्या, किंमत ७९ हजार कोटी रुपये.

आता गंमत पाहा. त्यानंतर काही दिवसांतच, ३ ऑक्टोबर २०२४ रोजी, महिंद्राने पाच दारांच्या थार रॉक्सचं बुकिंग उघडलं आणि पहिल्या तासात १ लाख ७६ हजारांहून अधिक लोकांनी नाव नोंदवलं. एकाच देशात, एकाच पंधरवड्यात, आठ लाखांच्या आसपास गाड्या गिऱ्हाइकाची वाट पाहत होत्या आणि पावणेदोन लाख गिऱ्हाइकं एका गाडीची. सरासरीचा आकडा एवढी मोठी दरी पोटात घालून बसतो.

इतका माल साचतो कसा? वर्तमानपत्रात महिन्याच्या एक तारखेला बातमी येते, अमुक कंपनीने गेल्या महिन्यात इतक्या गाड्या विकल्या. ती विक्री ग्राहकाला झालेली नसते. कारखान्याच्या फाटकातून ट्रेलरवर चढलेली आणि विक्रेत्याच्या नावे बिल फाडलेली गाडी कंपनीच्या वहीत विकली गेलेली असते. तुमच्या-माझ्या दृष्टीने खरी विक्री आरटीओत नोंद होते तेव्हा. कारखानदारांची संघटना 'सियाम' पहिला आकडा देते. 'फाडा' दुसरा देते, तोही केंद्र सरकारच्या 'वाहन' या नोंदणी व्यवस्थेतून काढून. पहिला सतत दुसऱ्यापेक्षा मोठा राहिला, की फरक यार्डात उभा राहतो. 'वाहन'चा डॅशबोर्ड कोणालाही पाहता येतो. त्यात महाराष्ट्र निवडून वर्ध्याचं कार्यालय, म्हणजे एमएच ३२, काढलं की कुठल्या कंपनीच्या किती गाड्या कुठल्या महिन्यात नोंदल्या गेल्या ते दिसतं. मॉडेलनिहाय आकडे तिथे मिळत नाहीत, पण आपल्या जिल्ह्यात कोणत्या महिन्यात पैसा हलतो याचा अंदाज त्या तक्त्यावरून घरबसल्या येतो.

विक्रेत्याची अडचण अशी, की कंपनी त्याच्याकडून पैसे गाडी सुटतानाच घेते. तो ते बँकेकडून उचलतो. सरासरी ९ लाखांच्या ३० गाड्या उभ्या असतील, तर २ कोटी ७० लाख रुपये अडकले. ९ टक्के व्याज धरलं तर महिन्याचे दोन लाखांच्या वर नुसतं व्याज, शिवाय यार्डाचं भाडं, विमा, चौकीदार. एका गाडीचा हिशोब काढा: दिवसाला सव्वादोनशे रुपये ती उभ्या उभ्या खाते. शंभर दिवस राहिली तर बावीस हजार गेले. सूट या बावीस हजारांतून जन्माला येते. सेल्समन उदार होत नाही, मालकाला रोजचा भुर्दंड थांबवायचा असतो.

मग विक्रेता नको असलेला माल घेतोच कशाला? खरिपाच्या तोंडावर युरियाची गोणी मागायला कृषी केंद्रात गेलेल्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. "युरिया पाहिजे तर सोबत हे पाकीटही न्या" याला आपल्याकडे लिंकिंग म्हणतात. मोटारींच्या धंद्यातही त्याच जातीचा प्रकार चालतो, अशी विक्रेत्यांची जुनी तक्रार आहे. मागणी असलेली गाडी जास्त पाहिजे, तर न खपणाऱ्याही उचला. महिनाअखेरीला कंपनीच्या विभागीय अधिकाऱ्याला आपलं टार्गेट गाठायचं असतं, तिमाहीचा बोनस विक्रेत्यालाही हवा असतो, आणि दोघांच्या संमतीने बिलं फाटतात. वर्ध्यातल्या बऱ्याच शोरूम नागपूरच्या विक्रेत्यांच्या शाखा असल्यामुळे निवड आणखी एका पायरीने दूर जाते. गाड्या कुठल्या मागवायच्या ते नागपुरात ठरतं.

तेच लिंकिंग पुढे ग्राहकापर्यंत झिरपतं. वेटिंगच्या गाडीवर सीट कव्हर, मड फ्लॅप, कोटिंग असं पाऊण लाखाचं पॅकेज 'घ्यावंच लागेल' म्हणतात. विमाही शोरूमचाच. विमा कुठल्याही कंपनीकडून काढण्याचा हक्क ग्राहकाचा आहे आणि पॅकेज नाकारण्याचाही. पण रांगेत उभा असलेला माणूस भांडत नाही, हे टेबलाच्या पलीकडच्याला पक्कं ठाऊक असतं.

'गाडी शिल्लक आहे' या वाक्यातही एक मेख असते. एका मॉडेलच्या पाच श्रेणी, दोन इंधनं, दोन प्रकारचे गिअर आणि सात रंग धरले, तर १४० वेगवेगळ्या गाड्या होतात. यातल्या काही जोड्या कंपनी बनवत नाही हे मान्य केलं, तरी शंभराच्या आसपास उरतात. वर्ध्याच्या शाखेत त्यांपैकी पाच-सहा उभ्या असतात. ग्राहक येतो तो मधल्या श्रेणीची, पांढरी, साध्या गिअरची गाडी मागत. समोर असते ती सर्वांत वरच्या श्रेणीची, छपराला खिडकी असलेली, नारिंगी, ऑटोमॅटिक. मॉडेल तेच. एकीला वेटिंग, एकीवर सूट. बाहेरून पाहणाऱ्याला हे कोडं वाटतं, शोरूममधल्याला मात्र तो रोजचा ताप असतो.

रंगाचं एवढं काय, असं वाटेल. पण मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जाणाऱ्या जिल्ह्यात पांढऱ्या गाडीला मागणी असणं स्वाभाविक आहे, आणि त्याहून मोठं कारण पुनर्विक्रीचं. पाच वर्षांनी विकताना पांढरीला गिऱ्हाईक चटकन मिळतं. भडक रंग ज्याला आवडतो त्याला फारच आवडतो, पण तसा माणूस आर्वीत, देवळीत किंवा समुद्रपुरात नेमका त्या आठवड्यात शोरूममध्ये यायला हवा. पुण्या-मुंबईत तो येतो, कारण तिथे रोज शेकडो माणसं येतात. लहान बाजारपेठेत नशिबाला वाव कमी.

इंधनाचंही तसंच. महाराष्ट्रात १० लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला ११ टक्के रस्ताकर, डिझेलला १३, आणि जुलै २०२५ पासून सीएनजीला ८. कागदावर सीएनजी स्वस्त, आणि पुण्यात त्या गाड्या हातोहात जातात. विदर्भात चित्र वेगळं. नागपूरला सीएनजी बराच काळ पाइपातून येतच नव्हता. द्रवरूप वायू गुजरातेतून टँकरने आणून त्याचा सीएनजी करत. मार्च २०२२ मध्ये नागपुरात किलोला १२० रुपये मोजावे लागत होते, देशात सर्वाधिक. त्या वर्षी कंपनीच्या दिल्लीतल्या कचेरीने 'महाराष्ट्रात सीएनजी जोरात आहे' म्हणून इकडे गाड्या लोटल्या असत्या, तर त्या कोणी घेतल्या असत्या? राज्याचा आकडा जिल्ह्याला लावला, की माल अडतो.

डिझेलची ओढ इकडे अजून टिकून आहे. मारुतीने एप्रिल २०२० पासून डिझेल गाड्या बंद केल्या. तो ग्राहक मोठ्या प्रमाणात महिंद्राकडे वळला. काळ्या मातीतले पांदण रस्ते ज्याने श्रावणात पाहिले आहेत, त्याला बोलेरो २००० सालापासून आजपर्यंत का चालते हे विचारायची गरज नाही. उंच, आडदांड, गावातल्या मिस्त्रीला उघडता येणारी. शहरी समीक्षक तिच्या डॅशबोर्डला नाकं मुरडतात. पण जी गाडी पावसाळ्यात शेतापर्यंत जाते आणि विकायला काढली की पंधरवड्यात जाते, ती यार्डात कशाला राहील?

इथे ग्राहक खरोखर काय विचारतो ते ऐकलं, तर अर्धं उत्तर मिळतं. पहिला प्रश्न, "ॲव्हरेज किती देते?" दुसरा, "विकायला काढली तर किती येतील?" आणि तिसरा, "सर्व्हिसिंग कुठे?" तिसऱ्या प्रश्नावर अनेक चांगल्या गाड्या वर्ध्यात आडव्या पडतात. नागपूर ७५ किलोमीटरवर आहे. आर्वीकर किंवा आष्टीकराला वर्धाच दूर, नागपूर म्हणजे दिवस गेला. ज्या कंपनीचं वर्कशॉप जिल्ह्यात नाही, तिची गाडी कितीही मजबूत असो, घरातली वडीलधारी माणसं हो म्हणत नाहीत. त्यात भर घातली ती निघून जाणाऱ्या कंपन्यांनी. शेवरोले २०१७ अखेर भारतातून गेली, सप्टेंबर २०२१ मध्ये फोर्डने कारखाने बंद करत असल्याचं जाहीर केलं. फोर्डची इकोस्पोर्ट चांगली गाडी होती. पण 'उद्या पार्ट कोण देईल' ही भीती एकदा बसली, की नव्या, अनोळखी नावाच्या गाडीला ती कित्येक वर्षं भोवते. मला ही भीती अडाणी वाटत नाही. गावाकडे गाडी दहा-बारा वर्षं वापरतात. इतक्या काळासाठी कंपनीवर विश्वास टाकायचा तर तिचा पत्ता जवळचा असलेला बरा.

जिम्नीची गोष्ट याच अंगाने पाहण्यासारखी आहे. मारुतीने जून २०२३ मध्ये पाच दारांची जिम्नी आणली, किंमत १२ लाख ७४ हजारांपासून. बाजारात येण्याआधी तीस हजारांच्या वर बुकिंग होतं. वर्ष संपायच्या आत तिची 'थंडर' आवृत्ती १० लाख ७४ हजारांपासून विकावी लागली. दोन लाखांनी उतरली, तरी यार्डात दिसत राहिली. मग जानेवारी २०२५ च्या अखेरीस सुझुकीने गुरुग्राममध्ये बनलेली हीच गाडी 'जिम्नी नोमाड' नावाने जपानमध्ये विकायला काढली. चार-पाच दिवसांत पन्नास हजार मागण्या आल्या आणि कंपनीला बुकिंग थांबवावं लागलं. गाडी तीच, कारखाना तोच. जपानमध्ये अरुंद गल्ल्या, पिढ्यान्‌पिढ्या जिम्नी वापरणारे शौकीन, आणि पाच दारांची वाट पाहून कंटाळलेली मंडळी. आपल्याकडे तेवढ्याच पैशांत रुंद, पाच जणांना बसवणारी, डिझेल मिळणारी गाडी शेजारच्या शोरूममध्ये होती. चार जणांची, फक्त पेट्रोलवर चालणारी गाडी पाच-सहा जणांच्या कुटुंबाने घ्यावी तरी कशी? जिम्नीत खोट नव्हती. तिची किंमत आणि तिचा ग्राहक यांची गाठ इथे पडली नाही.

आता महिन्यांचा हिशोब. वर्धा जिल्ह्यात विक्रीची दोन पंचांगं चालतात. एक शेताचं, एक भिंतीवरचं. सोयाबीन दसऱ्याच्या आगेमागे निघतं आणि त्याचा पैसा मजुरी, किराणा, दिवाळी यांत जातो. मोठ्या खर्चाला हात घातला जातो तो कापूस विकला गेल्यावर, म्हणजे डिसेंबर ते मार्च. हिंगणघाटच्या बाजारात भाव काय निघाला, यावर जिल्ह्यातल्या पुढच्या दोन महिन्यांची गाडीविक्री बऱ्याच अंशी ठरते. २०२१-२२ च्या हंगामात कापूस क्विंटलला दहा हजारांच्या पुढे गेला होता. २०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८ हजार ११० रुपये ठरला. त्याच काळात केंद्राने कापसावरचं आयात शुल्क डिसेंबर २०२५ अखेरपर्यंत माफ केलं, त्यामुळे खुल्या बाजारातला भाव दबून राहण्याची धास्ती होती. शेतकरी कुटुंब अशा वर्षी गाडीचा विचार पुढच्या हंगामावर ढकलतं. कंपनीच्या तक्त्यात मात्र गेल्या वर्षीपेक्षा दहा टक्के जास्त असं टार्गेट आधीच लिहिलेलं असतं.

पगारदारांचं गणित निराळं. सेवाग्राम आणि सावंगीची वैद्यकीय महाविद्यालयं, पुलगावचा दारूगोळा डेपो, शाळा-कॉलेजं, बँका यांतला ग्राहक पावसावर अवलंबून नसतो. डॉक्टर, कंत्राटदार आणि व्यापारी आपल्या सीएला विचारून येतात. धंद्यासाठी घेतलेल्या मोटारीवर आयकरात १५ टक्के घसारा मिळतो, पण त्या आर्थिक वर्षात ती १८० दिवसांपेक्षा कमी वापरली गेली तर निम्माच. म्हणून ३ ऑक्टोबरच्या आत गाडी वापरात आली तर पूर्ण, नंतर आली तर निम्मा; आणि तो निम्मा तरी पदरात पडावा म्हणून मार्चअखेरीला दुसरी गर्दी होते.

भिंतीवरच्या पंचांगाला तर सगळेच मानतात. गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा, धनत्रयोदशी या दिवशी डिलिव्हरीसाठी पुजारी आणि गाडी धुणारा पोऱ्या दोघेही दुर्मीळ होतात. पितृपक्षात शोरूममध्ये माश्या मारत बसतात. अधिक महिन्यातही तसंच. धोंड्याच्या महिन्यात जावयाला वाण मिळतं, गाडी घ्यायला मात्र सासराही तयार नसतो.

२०२५ साली या पंचांगाची आणि दिल्लीची अशी काही गाठ पडली, की ती पुढची अनेक वर्षं सांगतील. १५ ऑगस्टच्या भाषणात पंतप्रधानांनी जीएसटी कपातीचं सूतोवाच केलं. झालं, ग्राहक थबकला. ३ सप्टेंबरला जीएसटी परिषदेने निर्णय घेतला: चार मीटरच्या आतल्या लहान गाड्यांवरचा कर, जो उपकरासह २९ ते ३१ टक्के होता, तो १८ होणार, मोठ्या गाड्यांवरचा, जो ५० टक्क्यांपर्यंत जायचा, तो सरसकट ४०. अंमल २२ सप्टेंबरपासून. म्हणजे मधले तीन आठवडे कोण घेणार? त्यात ८ सप्टेंबरच्या सुमारास पितृपक्ष लागला. एरवी या दिवसांत सणासाठी माल भरतात. त्या वर्षी भरलेला माल जागचा हलेना. २१ तारखेला सर्वपित्री अमावास्या झाली, २२ ला घटस्थापना आणि नवे दर एकाच दिवशी आले. मारुतीने त्या एका दिवसात सुमारे तीस हजार गाड्या दिल्या. एस-प्रेसोची सुरुवातीची किंमत ३ लाख ४९ हजार ९०० वर आली. दसरा २ ऑक्टोबरला होता, घसाऱ्याच्या मुदतीच्या अगदी आत. ऑक्टोबरमध्ये देशात साडेपाच लाखांहून अधिक प्रवासी गाड्यांची नोंद झाली. ज्या गाड्या महिनाभरापूर्वी यार्डात अडगळ वाटत होत्या, त्यांच्यासाठी माणसं रांगेत उभी राहिली. गाड्यांत तोपर्यंत एक स्क्रूही बदललेला नव्हता.

वेटिंग म्हणजे गुणवत्तेचं प्रशस्तिपत्र, ही समजूत वर्ध्याच्या माणसाने तरी ठेवू नये. स्वतंत्र भारतातलं सगळ्यात गाजलेलं वेटिंग ज्या कंपनीच्या स्कूटरला लागलं, तिचं मूळ इथलंच आहे. वर्ध्याच्या बच्छराज सेठांनी जमनालाल बजाजांना नातू म्हणून दत्तक घेतलं. बच्छराजांच्या नावाने २९ नोव्हेंबर १९४५ रोजी बच्छराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन ही कंपनी नोंदवली गेली आणि पुढे तिची बजाज ऑटो झाली. १९७२ मध्ये चेतक आली. सत्तरच्या दशकात तिच्यासाठी दहा-दहा वर्षं थांबायला लागे. मुलीच्या जन्मानंतर तिच्या लग्नासाठी स्कूटरचं बुकिंग करण्याचे विनोद त्याच काळातले. स्कूटर चांगली होती, वाद नाही. पण वेटिंग दहा वर्षांचं झालं ते सरकारने किती स्कूटर बनवायच्या याचा परवाना बांधून दिला होता म्हणून. परवाने गेले, स्पर्धा आली, आणि तीच चेतक दुकानात सहज मिळू लागली.

अलीकडचं उदाहरण महिंद्राच्या एक्सयूव्ही ७०० चं. ऑक्टोबर २०२१ मध्ये बुकिंग उघडल्यावर पहिल्या २५ हजार गाड्या तासाच्या आत संपल्या. जगभर इलेक्ट्रॉनिक चिपांचा तुटवडा होता आणि या गाडीत चिपाच चिपा. काही श्रेणींचं वेटिंग दीड वर्षावर गेलं. चिपा मिळू लागल्या, कारखान्याची क्षमता वाढली, रांग सरली. जुलै २०२४ मध्ये कंपनीने वरच्या श्रेणींच्या किमती काही महिन्यांसाठी दोन लाखांपर्यंत उतरवल्या. २०२२ मध्ये ज्याने लवकर मिळावी म्हणून ओळखी काढल्या, त्याला त्या जाहिराती वाचताना काय वाटलं असेल!

आणि मग एक प्रकार असा, जिथे गाडी रात्रीत निरुपयोगी होते. २९ मार्च २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला, की १ एप्रिलपासून प्रदूषणाच्या बीएस-३ मानकाच्या गाड्या विकता येणार नाहीत. देशभरात आठ लाखांवर वाहनं उभी होती, बहुतेक दुचाकी. पुढच्या दोन दिवसांत काही दुचाकींवर बावीस हजारांपर्यंत सूट लागली आणि शोरूमची शटरं रात्री उशिरापर्यंत उघडी राहिली. तीन वर्षांनी बीएस-४ ची मुदत ३१ मार्च २०२० ला संपत होती आणि २५ मार्चला टाळेबंदी लागली. ग्राहक घरात, आरटीओ बंद, गाड्या यार्डात. विक्रेत्यांच्या नशिबी इतकी वाईट तारीख क्वचितच आली असेल.

यार्डात चार-सहा महिने उभ्या राहिलेल्या गाडीचं नेमकं काय होतं, तेही पाहायला हवं. विदर्भाच्या उन्हात वायपरचं रबर कडक होतं, काचेवर फिरवलं की करकरतं. बॅटरी उतरते. हवा कमी झालेले टायर एकाच जागी वजन झेलून तळाशी किंचित चपटे होतात आणि सुरुवातीच्या काही किलोमीटरांत स्टिअरिंगला बारीक थरथर जाणवते. ब्रेकच्या चकतीवर तांबूस गंज चढतो. तो दोन-चार ब्रेकांत जातो, घाबरण्यासारखं काही नाही. उंदरांनी वायरी कुरतडल्या असतील तर मात्र घाबरावं. बॉनेट उघडून कडेकोपऱ्यात लेंड्या दिसतात का पाहायचं, सीटखाली हात घालून वायरींचे जुडगे चाचपायचे. ही तपासणी डिलिव्हरीच्या दिवशी हार, पेढे आणि फोटोंच्या गडबडीत होत नाही. आदल्या दिवशी जाऊन, उजेडात, गाडी पुसण्याआधी करायची.

गाडीचा जन्ममहिना लपत नाही. प्रत्येक गाडीला १७ अक्षर-अंकांचा चॅसिस नंबर असतो, त्यात निर्मितीचं वर्ष सांकेतिक अक्षरात असतं. ते उलगडत बसण्याची गरज नाही. नोंदणीसाठी कंपनी जो फॉर्म २२ देते त्यावर निर्मितीचा महिना आणि वर्ष असतं, आणि तेच पुढे आरसीवर छापलं जातं. याला महत्त्व का? जानेवारीत घेतलेली गाडी नोव्हेंबरमध्ये बनलेली असेल, तर पुनर्विक्रीच्या बाजारात ती आधीच्या सालची ठरते. पाच वर्षांनी दलाल आरसी हातात घेऊन पहिलं बोट त्याच ओळीवर ठेवेल. म्हणून जानेवारी-फेब्रुवारीत मिळणारी जुन्या सालाची सूट तीस-चाळीस हजारांची असेल तर ती सूट नव्हे, तुमच्याच पुढच्या तोट्याची आगाऊ भरपाई आहे. त्यापेक्षा बरीच जास्त मिळत असेल आणि तुम्ही गाडी दहा वर्षं वापरणार असाल, तर मात्र हाच सौदा फायद्याचा. गाडी मोडीत निघेपर्यंत वापरणाऱ्याला निर्मितीच्या सालाने फारसा फरक पडत नाही.

यार्डातली गाडी घ्यावी की रांगेतली, याचं माझं उत्तर स्पष्ट आहे. सर्व्हिसिंग जिल्ह्यात असेल, इंधन दाराशी मिळत असेल आणि अडलं असेल ते केवळ रंगावर किंवा श्रेणीवर, तर यार्डातली घ्यावी आणि भरपूर घासाघीस करून घ्यावी. पितृपक्षात किंवा महिन्याच्या अखेरच्या तीन दिवसांत, तेव्हा समोरचा मऊ असतो. अडण्याचं कारण वर्कशॉप दूर असणं किंवा कंपनीचाच भरवसा नसणं हे असेल, तर लाखाची सूटही कमी समजावी. आणि वेटिंगवाल्या गाडीसाठी थांबणार असाल तर तीन महिन्यांच्या वर थांबू नका; किंमत डिलिव्हरीच्या दिवशीची लागते, बुकिंगच्या दिवशीची नव्हे, हे पावतीच्या मागे बारीक अक्षरात बहुधा लिहिलेलं असतं.

उरलेले पैसे भरण्याआधी चॅसिस नंबर आणि निर्मितीचा महिना लेखी मागून घ्या. 'गाडी आल्यावर सांगतो' असं उत्तर मिळालं तर पैसे खिशातच ठेवा आणि नागपूरच्या दोन विक्रेत्यांना फोन लावून त्याच गाडीचं कोटेशन मागवा.